छेदात नसलेली मुलगी

काशीदला माझी मावशी राहते असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘वीकेंडला रूम मिळेल का रे?’ मिळत नाही. मावशीकडे होमस्टे नाही. तिच्याकडे पडवी आहे, दहा-बारा पोफळी आहेत, बऱ्यापैकी वाय-फाय आहे (ते माझ्यामुळे) आणि एक रजिस्टर आहे. मावशी आशा सेविका आहे. काशीदच्या आसपासचं एक छोटं गाव आणि त्याच्यामागे डोंगराच्या अंगाला असलेली आदिवासीवाडी तिच्याकडे आहे. दोन्हींची नावं मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात एखाद्याला वाईट वाटू शकतं, आणि ज्याला सगळ्यात जास्त वाटायला हवं तो मी आहे.

मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. गेल्या वर्षी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली मावशीकडे मुक्काम ठोकला होता. दिवाळीच्या दोन आठवडे आधी अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र होतं. मी मावशीला बाइकवरून सोडायला गेलो आणि तिथे रेंज बरी आहे म्हणून लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसलो. सिस्टर निळी पेटी घेऊन आल्या होत्या. सकाळभर पोरं आली, रडली, गेली.

सव्वाबाराच्या सुमाराला डोंगरावरच्या वाडीतून एक बाई उतरली. कातकरी. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी, पोटात चौथा महिना. सिस्टरनी कार्ड पाहिलं. मागच्या बाळंतपणात तिचे टीडीचे दोन्ही डोस झाले होते, म्हणून या वेळी एकच बूस्टर पुरे होता. टीडीची कुपी उघडलेलीच होती. लगेच दिला. मुलीला एमआर द्यायचा होता, म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस. पण त्या दिवशी एमआरसाठी आलेली ती एकटीच.

इथे कुप्यांविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. टीडी, पेंटाव्हॅलंट अशा लशींची कुपी एकदा उघडली तरी नीट थंड ठेवली आणि नियम पाळले तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. एमआरचं तसं नाही. ती पावडर असते, सोबतच्या द्रावणात मिसळायची, आणि एकदा मिसळली की चार तासांत संपवायची. उरली की फेकायची. बीसीजीचंही तेच. सिस्टरकडची एमआरची कुपी पाच डोसांची होती.

‘पुढच्या महिन्यात ये,’ सिस्टर म्हणाल्या. ‘चार-पाच पोरं जमली की उघडते. एकीसाठी फोडली तर चार डोस वाया.’

मला हे पटलं. नुसतं पटलं असतं तर ठीक होतं, मी कोपऱ्यातून मान डोलावली आणि वर मावशीला म्हणालो, ‘बरोबर आहे त्यांचं.’ आमच्या धंद्यात याला बॅचिंग म्हणतात. एकेक काम वेगळं उचलायचं नाही, साचू द्यायची आणि एकदम करायची. खर्च वाचतो. त्यासाठी मला एकदा बक्षीस म्हणून ॲमेझॉनचं व्हाउचर मिळालंय.

ती बाई काहीच बोलली नाही. मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चालू लागली. मावशी म्हणाली, ‘पुढच्या महिन्यात ही इथे असेल का रे?’

नव्हती. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात चूल पेटत नसताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची. पाऊस तोंडावर आला की परत. मध्ये शिमग्याला काही दिवस, जमलं तर. पुढच्या सत्राच्या दिवशी वाडीतल्या निम्म्या झोपड्यांची दारं काट्याकुट्या लावून बंद होती. मावशीच्या रजिस्टरमध्ये एमआरसाठी सात मुलांची नावं होती. एकीच्या नावापुढे शेऱ्यात ‘स्थलांतरित’ असं लिहिलं गेलं. राहिली सहा. सहाच्या सहांना लस मिळाली.

शंभर टक्के.

मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. लागली. खटकलं ते नंतर, आणि तेही माझ्याच एका जुन्या चुकीमुळे. दोन वर्षांपूर्वी मी एका क्लायंटसाठी रिपोर्ट बनवला होता. पार्सलं वेळेवर पोचतात की नाही, याचा. काही नोंदींमध्ये पिनकोडच नव्हता, त्यामुळे प्रोग्रॅम अडखळत होता. मी एक ओळ टाकली : पिनकोड रिकामा असेल तर ती नोंद सोडून दे. प्रोग्रॅम सुरळीत चालला. वेळेवर पोचण्याचं प्रमाणही चांगलंच सुधारलं. मीटिंगमध्ये सगळे खूश. खूप महिन्यांनी कळलं की पिनकोड नसलेली पार्सलंच तर सगळ्यात जास्त हरवत होती.

डेटाबेसमध्ये शून्य आणि नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (पाण्याचा नळ नव्हे, नल.) शून्य ही संख्या आहे. ती बेरजेत येते, सरासरी खाली खेचते, आलेखात टोचते. नल म्हणजे तिथे काहीच नाही. नलची सरासरी काढता येत नाही, म्हणून तो बाजूला ठेवतात. जगभरच्या आरोग्ययंत्रणा हल्ली ‘झिरो-डोस’ मुलांबद्दल बोलतात. डीटीपीयुक्त लशीचा, म्हणजे आपल्याकडे पेंटाव्हॅलंटचा, पहिला डोससुद्धा न मिळालेली मुलं. त्यांच्याबद्दल बोललं जातंय हे चांगलंच आहे. पण झिरो व्हायलासुद्धा आधी यादीत असावं लागतं. भट्टीवर गेलेली मुलगी गावात मोजली जात नाही, कारण ती गावात नाही. भट्टीवर मोजली जात नाही, कारण ती तिथली नाही. शाळेत अपूर्णांक शिकलो तेव्हा आपलं सगळं लक्ष अंशाकडे असायचं. टक्केवारी वाढवायचे खरं तर दोन मार्ग असतात. अंश वाढवा किंवा छेद कमी करा. दुसऱ्याला कष्ट पडत नाहीत, आणि तो कुणी मुद्दाम करावाही लागत नाही. शेऱ्याचा एक शब्द पुरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघितले तर आपण पुढे चाललोय यात शंका नाही. १२ ते २३ महिन्यांच्या मुलांमध्ये पूर्ण लसीकरणाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये देशात ६२ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७६.४ झालं. महाराष्ट्रात ५६.२ वरून ७३.५. (हो, आपण देशाच्या सरासरीच्या खाली. मलाही आधी वाटलं की उलटं वाचलं.) उरलेल्या चौथ्या हिश्श्यात कोण आहे, हा प्रश्न मला टक्केवारीपेक्षा मोठा वाटायला लागला. आणि त्याच्याही मागचा प्रश्न असा की, त्या मुलीपर्यंत जाणं हे नक्की कुणाचं काम आहे आणि का?

‘का’चं पहिलं उत्तर मला पटकन सापडलं आणि ते मला फार आवडलं. गोवर अतिशय संसर्गजन्य आहे. लस न घेतलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. म्हणून गोवर रोखायला साधारण ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. पण हे ९५ टक्के सगळीकडे सारखे पसरलेले हवेत. जिल्हा ९५ टक्क्यांवर असेल आणि उरलेले पाच टक्के एकाच वाडीत, एकाच झोपडपट्टीत, एकाच भट्टीवर गोळा झाले असतील तर सरासरीचा काही उपयोग नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवराची साथ आली ती गोवंडीपासून. मग भिवंडी, मालेगाव. लहान मुलं दगावली. म्हणजे त्या मुलीला लस देणं आपल्या सगळ्यांच्या फायद्याचं आहे. मी हे ताईला फोनवर उत्साहाने सांगितलं. ताईचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. त्याच्या प्रत्येक लशीच्या आधी हॉस्पिटलचा मेसेज येतो, आदल्या दिवशी एक, सकाळी एक. ताई म्हणाली, ‘म्हणजे माझ्या बाळाला धोका नको म्हणून तिला लस द्यायची?’

मी म्हटलं, ‘तसंच नाही.’ पण तसंच होतं.

या उत्तरातलं भोक दाखवलं ते धनुर्वाताने. त्या दिवशी अंगणवाडीत मुलीला नाकारलं गेलं, पण आईला टीडी मिळाला होता. टी म्हणजे टिटॅनस. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि राहणार. पोलिओ, देवी यांच्यासारखा हा रोग जगातून घालवता येत नाही. मळक्या पात्याने नाळ कापली, नाळेला काहीबाही लावलं की तो बाळाच्या अंगात शिरतो. गरोदरपणी आईला लस दिली तर तिच्या रक्तातलं संरक्षण वारेतून बाळाकडे जातं आणि पहिले काही आठवडे त्याला सांभाळतं. पण धनुर्वात एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. माझ्या शेजाऱ्याने लस घेतली म्हणून मी वाचत नाही आणि मी घेतली म्हणून शेजारी वाचत नाही. इथे सामूहिक प्रतिकारशक्ती नावाची छत्रीच नाही. प्रत्येक आईपर्यंत चालत जावं लागतं, आणि गेल्यावर मिळतं ते फक्त तिला आणि तिच्या बाळाला. पुण्यात बसलेल्या माझा त्यात दमडीचा फायदा नाही. (टीडीतला डी घटसर्पाचा आहे आणि घटसर्प पसरतो, एवढा स्वार्थ हवा तर धरा.)

तरीही आपण हे केलं. भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. त्याची कसोटी मला फार शहाणपणाची वाटते. दर हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, आणि हे प्रत्येक जिल्ह्यात. देशाची सरासरी चालणार नाही. कुणीतरी छेद मुद्दाम लहान केला होता, पण नेमका उलट हेतूने. कुणाला मोठ्या आकड्याच्या पोटात लपता येऊ नये म्हणून.

मग ज्यात आपला काहीच फायदा नाही ते आपण का करावं? पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७२ च्या एका प्रसिद्ध निबंधात तळ्यात बुडणाऱ्या मुलाचं उदाहरण दिलंय. तुम्ही शेजारून चाललाय, मूल बुडतंय, कपडे चिखलाने भरतील एवढंच नुकसान. उतराल की नाही? सगळे हो म्हणतात. मग सिंगर विचारतो, ते मूल दूर असलं म्हणून काय बदललं?

काशीदला हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इथला समुद्र दिसतो तितका भोळा नाही, आणि पर्यटक बुडायला लागला की सुरूच्या बनातल्या टपऱ्यांवरचे लोक चहा टाकून धावतात. १ फेब्रुवारी २०१६ ला खाली मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले तेव्हाही आजूबाजूचे लोक मदतीला धावले होते. कुठला, कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. त्याच लोकांना डोंगरावरची मुलगी दिसत नाही असं मला म्हणायचं नाही, त्यांच्यावर बोट ठेवायचा मला अधिकारही नाही. मुद्दा एवढाच की, लशीवाचून राहिलेलं मूल हात वर करून ओरडत नाही. ते खेळत असतं. त्याचं बुडणं कुठल्याही एका क्षणी घडत नाही.

पण सिंगरचं उदाहरण मला पूर्ण लागू पडेना, ते दुसऱ्याच कारणाने. त्याच्या गोष्टीतला माणूस वाटसरू आहे. मूल कसं बुडालं याच्याशी त्याचा संबंध नाही. मी वाटसरू होतो का? मी मान डोलावली होती. आणि ज्या भिंतीला पाठ टेकून मी कोड लिहितो ती विटांची आहे.

लशीचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सापडली, ती डोक्यातून जात नाही. देवीची लस निघाली तेव्हा फ्रीज नव्हता. लस दूर न्यायची कशी? माणसांच्या अंगातून. एका मुलाला टोचायची, आठ-दहा दिवसांनी त्याच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा. १८०३ मध्ये स्पेनहून निघालेल्या मोहिमेने अनाथ मुलगे जहाजात घेतले आणि अटलांटिक ओलांडेपर्यंत लस त्यांच्या एकेका दंडावरून पुढे नेली. बावीस मुलगे होते. मुंबईला लस बगदाद-बसऱ्याकडून अशीच दंडोदंडी पोचली, आणि १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातली ती पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरच्या फोडातून ती देशात पुढे गेली. म्हणजे आज आपण ज्याला कोल्ड चेन म्हणतो, दोन ते आठ अंश सेल्सिअस वगैरे, ती साखळी सुरुवातीला लहान मुलांची होती. आणि साखळीत पहिली ओढली गेली ती अशी मुलं, ज्यांच्या वतीने नाही म्हणणारं कुणी नव्हतं.

त्यामुळे ‘आपण गरिबांपर्यंत लस पोचवतो’ हे वाक्य आता मला जरा अडखळत म्हणावं लागतं. यात कोण कुणाचं देणं लागतं?

मावशीला मी हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘तू मला त्या मुकादमाचा नंबर शोधून दे.’

नंबर शोधण्यात माझी इंजिनिअरिंगची डिग्री पहिल्यांदा गावाच्या कामी आली, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात तो किराणा दुकानदाराकडे होता. मावशीने फोन लावला तर मुकादम म्हणे, भट्टी पनवेलच्या पुढे आहे, बायकांना सोडता येणार नाही, मालक ओरडतो. मी तिला यू-विन दाखवलं. को-विनच्या धर्तीवर गरोदर बायका आणि बाळांच्या लसीकरणासाठी केलेली ही यंत्रणा २०२३ च्या जानेवारीत ६५ जिल्ह्यांत सुरू झाली आणि मग देशभर गेली. कल्पना अगदी बरोबर आहे. नोंद माणसासोबत फिरते, लस कुठेही घ्या. म्हणजे नलवरचाच इलाज. मावशीने विचारलं, ‘नंबर कोणाचा टाकायचा?’ त्या बाईकडे फोन नव्हता. नवऱ्याचा होता, रिचार्ज संपलेला.

मिशन इंद्रधनुष २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, आणि त्याच्या मोहिमांमध्ये वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांचे तळ खास धरले जातात. लसीकरणाची माणसं भट्टीवर जातातही. पण मावशी सांगते की तिथे गेल्यावर आया विचारतात तो प्रश्न भलताच व्यावहारिक असतो. पेंटा दिल्यावर बाळाला रात्री ताप येतो. ताप आला तर बाळ रडणार, आई जागणार, सकाळी विटा कमी पडणार. आपण शहरात याला गैरसमज, अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. ताई बाळाच्या लशीच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकते.

मावशीला मुलामागे पैसे मिळतात ते पहिल्या वर्षाच्या सगळ्या लशी पूर्ण झाल्या की. १०० रुपये. ही मुलगी तिच्या यादीतून गेली, म्हणजे ते गेले. फोनवर घालवलेल्या संध्याकाळी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर मात्र ती पेन्सिलीने नावं लिहीत होती. अकरा झाली होती. वर मथळा काही नाही.

आणि सिस्टर? त्यांच्याशी मी नंतर नीट बोललो. वाया गेलेल्या डोसांचा हिशोब मीटिंगमध्ये त्यांना विचारला जातो, न आलेल्या मुलाचा तितका नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे : एकच मूल आलं तरी गोवराची कुपी उघडा. सिस्टरना हे माहीत होतं. त्या म्हणाल्या, ‘कागदावर आहे हो. पण चार डोस फेकताना हात थरथरतो. आमच्या पिढीला अन्न टाकायचीसुद्धा सवय नाही.’ यावर मी काय बोलणार? मी व्हाउचर मिळवणारा माणूस.

शिमग्याला ती आली. नववा महिना भरत आलेला, मुलगी आता धरून धरून चालत होती. सत्राचा दिवस दोन दिवसांवर होता, पण मावशीने सिस्टरना आदल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. या वेळीही एमआरला ती एकटीच. सिस्टरनी माझ्याकडे एकदा पाहिलं, कुपीवरचं चौकोनाचं चिन्ह उजेडात धरून तपासलं, द्रावण मिसळलं आणि कुपीवर पेनने वेळ लिहिली : ११.२०. मुलगी रडली, तिच्या डाव्या करंगळीला शाई लागली, कार्डावर तारीख पडली.

कुपीत चार डोस राहिले होते आणि हातात तीन वाजून वीस मिनिटांपर्यंतचा वेळ. मावशी म्हणाली, ‘चल, वाडीवर बघून येऊ. शिमग्याला कोण कोण आलंय ते.’

रस्ता जिथे संपतो तिथे बाइक लावून वर चढलो. पहिल्या चार घरांत कुणी नव्हतं, लोक होळीच्या लाकडांसाठी गेले होते. पाचव्या घरापुढे एक दीड वर्षाचा मुलगा मातीत बसला होता. मावशीने त्याच्या आजीला विचारलं. जन्म भट्टीवरचा. कार्ड नाही. मावशीने त्याचा डावा दंड उजेडात फिरवून पाहिला. बीसीजीचा व्रण नव्हता. रजिस्टरमध्ये नाव नव्हतं आणि मागच्या पेन्सिलीच्या पानावरही नव्हतं.

‘आय कुठंय याची?’

‘वहाळावर गेलीय धुवायला,’ आजी म्हणाली.

दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मावशी पोराला उचलून कडेवर घेत होती. मी वहाळाकडे पळालो.